पडायच्या आधी

आमच्या घरात प्रेमाचा आवाज
पत्र्याच्या डब्यातून यायचा.
डब्यात दोन करवंट्या, एक पोकळ लाकडी ठोकळा,
खाचा पाडलेली बांबूची नळी,
आणि दांडी ओढली की वरून खाली घसरत येणारी
एक शिट्टी.
तिला कुणी हात लावायचा नाही.

हिराजी नाखवा, साइड ऱ्हिदम.
पडद्यावर हे नाव कधीच आलं नाही.
व्हाउचरवर यायचं, तेही 'हिरालाल'.
चेंदणी कोळीवाड्यात बँडच्या शेपटाला झांजा वाजवणारा पोरगा
कुणा अरेंजरला एका वरातीत सापडला
आणि पुढची बावीस वर्षं
चुकीच्या मुलीच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठ्यांना,
चहाच्या कपात गळणाऱ्या खोट्या मिशीला,
होणाऱ्या सासऱ्याच्या खुर्चीखालच्या कुत्र्याला
आवाज देत राहिला.

गाणी मोठ्यांची. साठ-साठ व्हायोलिनं, बागा, ओढण्या.
बाबांचं काम गाण्याच्या आधीचं.
ती वळते, तो खांबाला धडकतो, टक्.
बाबा म्हणायचे, माणूस आधी हसतो,
मग दार थोडं उघडं राहतं,
तिथून व्हायोलिनं आत येतात.
याहून जास्त ते प्रेमाबद्दल बोलल्याचं
मला आठवत नाही.

रेकॉर्डिंगहून आल्यावर, कितीही रात्र झालेली असो,
आपला तेवढा तुकडा ते आईला वाजवून दाखवत.
दोन टक्, एक खर्र, मग शिट्टी.
शेजारचे भिंतीवर थाप मारत.
आई भात वाढत राही.

पण सिनेमा लागला की पहिल्याच आठवड्यात
वागळे इस्टेटमधली पाळी संपवून,
बल्बच्या खोक्यांचा भुसा केसात तसाच,
मला घेऊन ती तलावाजवळच्या टॉकीजात.
आणि अंधारात
हिरो शेवाळावर पाय ठेवायच्या आधीच
ती हसायची. एकटीच.
पुढच्या रांगा वळून बघत.
मग तो पडे, मग सगळे हसत,
तोवर आई गप्प होऊन
माझ्या तळहातावर बोट आपटत असे:
हे तुझे बाबा. हे पण. हे पण.

मग कीबोर्ड आला.
एका बटणात करवंट्या, दुसऱ्यात शिट्टी,
घसरणं अगदी स्वच्छ, दर वेळी तेवढंच.
सिनेमातली माणसं परदेशात जाऊन प्रेम करू लागली,
पडेनाशी झाली.
फार तर कॉफी सांडे,
मागे एक गिटार, मऊ,
काही झालंच नाही असं समजावणारी.
डबा माळ्यावर गेला.
बाबा खोपटच्या एका शाळेत
पंधरा ऑगस्टपुरते ड्रम शिकवू लागले.

मोरीत घसरले ते एकोणऐंशीव्या वर्षी.
मी पलीकडच्या खोलीत. ऐकू आली ती बादली,
आणि मग काहीच नाही.
ते काहीच नाही फार लांबलं.
आई दारात पोचली तेव्हा
बाबांनी पडल्या पडल्या ओठ गोल केले
आणि शिट्टी वाजवली, वरून खाली, थरथरत.
"टेक गेला," म्हणाले, "आधी वाजायला हवी होती."

आई हसली.
"मेल्या, कंबर मोडली तुझी," म्हणाली, आणि हसतच राहिली,
मी सिव्हिलला फोन लावेपर्यंत,
ओल्या फरशीवर त्यांच्या डोक्याखाली
पदराची घडी सरकवत.

आता तीन वर्षं झाली.
नवे सिनेमे मी तिला मोबाइलवर लावून देते.
ती बघते, नातसुनेचं कौतुक ऐकावं तशी,
मान हलवत, कधी कधी विचारते,
हा पडणार का?

परवा दुपारी टीव्हीवर कुठला तरी जुना चालू होता.
आवाज बारीक. आईचे डोळे मिटलेले,
मला वाटलं झोपली.
ती हसली.
मी पडद्याकडे पाहिलं.
हिरो जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर,
हातात फुलं, बूट चकचकीत,
अजून नीट उभा.